अठरा, बारा, आठ

“सूतभर जरी फरक निघाला ना साहेब, तर ही मिशी उतरवून तुमच्या हातात ठेवीन!”

सूतभरकाकांनी समोरच्या पेटीवर अशी थाप मारली की पत्रा खणखणला आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या जेलरसाहेबांनी उगाचच टोपी सावरली.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पत्र्याच्या कामातलं हे सगळ्यांत लहान माप, आणि काकांचं सगळ्यांत लाडकं. सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही, असं चाळीस वर्षं ऐकून ऐकून गल्लीनं त्यांचं नावच सूतभर पाडलं होतं. काकांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी खरं नाव घेऊन हाक मारली तर ते पटकन वळत नसत. आणि मिशीबद्दल काय सांगावं! पांढरीशुभ्र, भरघोस, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. रोज सकाळी पेटीच्या कडीला तेल देऊन झालं की तेच बोट मिशीवरून फिरायचं.

“मिशी राहू द्या जागेवर,” जेलर हसले. “उद्या कोर्टात फक्त तीन गोष्टी सांगायच्या. पेट्या तुम्ही बनवता. सगळ्या एकसारख्या असतात. आणि माप नियमाप्रमाणे असतं. बस्स. चौथं वाक्य बोलायचं नाही.”

“चौथं कशाला बोलू? माझं काम बोलतं!”

“ते काम उद्या सोबत घेऊन या. जजसाहेबांना दाखवायचंय.” जेलरांनी कोर्टाचा कागद आणि त्याला टाचलेली नियमाची प्रत काउंटरवर ठेवली आणि ते निघाले.

गोष्ट अशी होती. सव्वीस वर्षं तुरुंगातल्या कैद्यांच्या सामानाच्या पेट्या काकाच बनवत होते. कैद्याचं स्वतःचं म्हणून जे काही असेल ते त्या एका पेटीत मावलं पाहिजे, असा तुरुंगाचा नियम. झाकण लावायचं, कडी आपसूक पडली पाहिजे, वर बसून दाबायचं नाही. मावेल ते कैद्याचं. उरेल ते जप्त, आणि महिनाभरानं भट्टीत.

आता एका कैद्यानं या नियमावरच खटला भरला होता. बाहेर असताना तो बसवर कंडक्टर होता, आणि आतही सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. साडेअकरा वर्षं आत. त्याच्या पेटीत दोन कपडे, अपिलाचे कागद आणि बायकोची पत्रं होती. महिन्याला एक अशी एकशे बत्तीस. सहा महिन्यांपूर्वी झडतीत त्याच्या पेटीचं झाकण वर राहिलं. कागद ठेव नाही तर पत्रं ठेव, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही माझं आहे, दोन्ही ठेवणार. पत्रं गेली. भट्टीत जायच्या आधी त्याच्या वकीलबाईंनी धावपळ करून कोर्टाकडून ती थांबवून घेतली, आणि आता ती एका सीलबंद पोत्यात निकालाची वाट बघत पडली होती. उद्या तुरुंगाचं म्हणणं खरं ठरलं की पोतं भट्टीत जाणार होतं.

काकांना यातलं काही काही ठाऊक होतं, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. चाळीस वर्षं ठोकाठोक केली, आणि उद्या त्यांची पेटी न्यायाधीशांच्या टेबलावर चढणार होती!

दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी तो कागद काकूंपुढे टाकला. वाचायचं काम घरात काकूंकडे. काकांना अक्षर वाचता येत नव्हतं असं नाही, पण त्यांचा आकड्यांवर विश्वास जास्त.

काकूंनी चष्मा चढवला. “‘प्रत्येक कैद्यास खासगी सामानासाठी पत्र्याची एक पेटी देण्यात येईल. पेटीचे आतील माप लांबी अठरा, रुंदी बारा, खोली आठ इंच राहील.’”

“अठरा, बारा, आठ,” काका घास घेत म्हणाले. “झोपेत विचार, तेच सांगीन.”

“आतील माप.”

“हो गं, अठरा, बारा...” घास हातातच राहिला. “काय म्हणालीस?”

“आतील. आत-ला. बघा ना, स्पष्ट लिहिलंय.”

काकांनी ताट बाजूला सारलं. हातही न धुता ते दुकानात गेले. उद्यासाठी पुसून ठेवलेली पेटी उघडली, पट्टी आत घातली. एकदा घातली, दोनदा घातली. मग मटकन स्टुलावर बसले.

ट्रंका बनवणारा माणूस माप घेतो ते बाहेरून. गिऱ्हाईक विचारतं, खाटेखाली जाईल का, कपाटावर बसेल का? आत काय मावतं ते ज्याचं त्यानं बघावं. सव्वीस वर्षांपूर्वी तुरुंगाचा भांडारवाला दुकानात आला होता, उभ्या उभ्या “अठरा, बारा, आठ” म्हणाला होता आणि गेला होता. काकांनी ते बाहेरून धरलं. कोणताही पत्रेवाला तेच धरेल.

बरं, एवढ्यावर थांबते तर तो सूतभराचा मामला राहिला असता. पण काकांना कामात हौस फार! तोंडाच्या कडेचा पत्रा त्यांनी आत दुमडून घेतला होता, कोणाचा हात कापू नये म्हणून. आणि तळाला पातळ लाकडी पट्ट्या ठोकून वर दुसरा पत्रा बसवला होता, रिव्हेटींची टोकं हाताला लागू नयेत म्हणून. हा दुहेरी तळ म्हणजे त्यांचा अभिमान. अख्ख्या शहरात असं काम दुसरा कोणी करत नव्हता. आणि त्या दुहेरी तळानं अख्खा एक इंच खाल्ला होता. पट्टी सांगत होती, साडेसतरा, साडेअकरा, सात.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. “किती?”

“तळाला इंच गेलाय.”

“म्हणजे त्या माणसाची पत्रं...”

“मावली असती,” काका म्हणाले. “माझी पेटी बरोबर असती तर मावली असती गं.”

त्यांनी लगेच जेलरांना फोन लावला. फोनवर काका नेहमी ओरडूनच बोलत, त्यामुळे काकूंना सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, घोटाळा झालाय! माप आतलं पाहिजे होतं. मी बाहेरचं दिलंय.”

पलीकडून जेलर म्हणाले, “काका, कोण आत पट्टी घालून बघणार आहे? सव्वीस वर्षांत बघितली का कुणी?”

“पण मी बघितली ना आत्ता!”

“मग विसरून जा. तीन वाक्यं, काका. आणि हे बघा, उद्या हे बाहेर पडलं तर आमची शोभा होईलच, पण तुमच्या नावाचं काय? चाळीस वर्षांचं नाव आहे. लोक म्हणतील, सूतभर सूतभर करत होता आणि इंच इंच खात होता.”

काकांनी फोन ठेवला. जेलर म्हणाले ते झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. गल्लीत कोणी हसलं असतं तर त्यांनी सोसलं असतं, पण कामावरून! कामावरून त्यांना आजवर कोणी हसलं नव्हतं.

“तो आत कशासाठी गेलाय हो?” काकूंनी हळूच विचारलं.

“मला काय माहीत? मला पेटी विचारलीय, तेवढं मी सांगणार.” ते उठले. “पत्र्याचा तो मोठा ताव काढ बाहेर. आणि चहा टाक.”

तिसऱ्या प्रहरी गल्लीला त्यांच्या हातोड्याचा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. एक पेटी. आतून अठरा, आतून बारा, आतून आठ. तोंडाची घडी या वेळी बाहेर वळवली. तळ एकेरीच ठेवला, पण रिव्हेटी ठोकून ठोकून अशा सपाट केल्या की त्यावरून गाल फिरवला तरी कळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू इस्त्रीचा शर्ट घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. “अगं बाई! हे काय करून बसलात?”

आरशासमोर काका उभे होते. मिशी गायब. वरचा ओठ लहान मुलासारखा कोवळा आणि उघडा दिसत होता.

“शब्द दिला होता,” काका म्हणाले.

“अहो, मस्करीत दिलेला शब्द तो!”

“मापाच्या बाबतीत मी कधी मस्करी केलेली आठवते का तुला?”

काकूंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. “लग्न झाल्यापासून हा ओठ आज पहिल्यांदा बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “बरा आहे तसा.” मग शर्ट पुढे करून म्हणाल्या, “चला, मीही येते. तुम्हाला एकट्याला नाही सोडायची आज.”

कोर्टाच्या व्हरांड्यात जेलर वाट बघत उभे होते. त्यांनी आधी काकांच्या दोन हातांतल्या दोन पेट्या बघितल्या आणि मग चेहरा. चेहरा बघितल्यावर त्यांना पेट्यांबद्दल काही विचारायची गरज राहिली नाही.

“काका,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “अजून वेळ गेलेली नाही.”

“गेली साहेब,” काकांनी ओठावर हात फिरवला. “पुरावा तुमच्या हातात ठेवणार होतो, पण कागदाची पुडी आणायची राहिली.”

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मात्र काकांनी कठडा घट्ट धरून ठेवला. समोर न्यायाधीश, त्यांच्या खाली टंकलेखक, एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला कैद्याच्या वकीलबाई, आणि त्यांच्या मागे दोन शिपायांच्या मधे एक किडकिडीत माणूस. काकांनी त्याला ओळखलं, कारण तो माणूस त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो टेबलावरच्या जुन्या पेटीकडे बघत होता, स्वतःच्या घराच्या दाराकडे बघावं तसा.

सरकारी वकिलांनी घसा साफ केला. “तुरुंगाच्या पेट्या तुम्ही बनवता?”

“हो.”

“सगळ्या पेट्या एकसारख्या असतात?”

“एका पेटीचं झाकण काढा आणि दुसरीला लावा. बसलं नाही तर सांगा.”

“आणि पेटीचं माप नियमात लिहिल्याप्रमाणे आहे?”

“नाही.”

टंकलेखकाची बोटं थांबली. सरकारी वकिलांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. “प्रश्न पुन्हा विचारतो...”

“कशाला पुन्हा? ऐकलं मी. नियमात माप आतलं आहे, मी दिलं बाहेरचं. जजसाहेब, पट्टी काढू का?”

न्यायाधीशांनी मान हलवली. आणि मग कठडा धरून उभे असलेले काका पट्टी हातात आल्याबरोबर पार बदलले. पाठ सरळ झाली, आवाज चढला. जुन्या पेटीला त्यांनी बाहेरून पट्टी लावली आणि आकडे पुकारले. मग पट्टी आत घातली आणि पुन्हा पुकारले. साडेसतरा. साडेअकरा. सात. टंकलेखकानं तिन्ही आकडे टिपले.

“हे तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय?” सरकारी वकील चिडून म्हणाले.

“माझ्या बायकोनं,” काका म्हणाले. “ती बघा, मागच्या बाकावर बसलीय. हवं तर तिलाही बोलवा.”

कोर्टात खसखस पिकली. काकूंनी मान खाली घातली, पण पुन्हा लगेच वर केली.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी जुन्या पेटीत हात घालून तळ चाचपला. “म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही तुरुंगाला चुकीच्या मापाच्या पेट्या पुरवल्या. हे तुम्हाला मान्य आहे?”

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं.

“मान्य आहे,” ते म्हणाले, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. “पेटी मजबूत आहे, तिला गंज धरत नाही, हात कापत नाही. पण माप चुकलं, आणि ते माझंच चुकलं. त्या माणसाचं सामान जास्त नव्हतं साहेब. माझी पेटी कमी होती. बरोबर मापाची काल बनवलीय, ही बघा.”

वकीलबाई उठल्या. त्यांनी कोर्टात आणलेल्या पत्रांच्या पोत्याचं सील तोडायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. कंडक्टरला त्याच्या कागद-कपड्यांसकट पुढे आणलं. त्यानं नवीन पेटीच्या तळाशी आधी पत्रं लावली, चार थप्प्या करून, प्रत्येक थप्पीची कड बोटानं सारखी करत. पूर्वी बसमधे तिकिटांचे गठ्ठे असेच लावत असावा. मग अपिलाचे कागद. मग कपडे. झाकण खाली आलं. त्यानं हात काढून घेतला आणि कडी स्वतःहून पडली.

तेवढ्यात तो काकांकडे वळला. बोलायची परवानगी त्यानं घेतली नव्हती, पण कोणी त्याला अडवलंही नाही.

“काका, जुनी पेटीपण चांगली होती,” तो म्हणाला. “साडेअकरा वर्षांत एकदाही हात कापला नाही.”

ज्या घडीचा आणि ज्या तळाचा काकांना अभिमान होता, त्यांचं कौतुक नेमकं या माणसाच्या तोंडून ऐकावं लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी नुसते हात जोडले.

निकाल त्याच दिवशी सांगितला गेला. पत्रं कैद्याला परत द्यायची. सगळ्या पेट्या महिन्याभरात नियमातल्या आतल्या मापाच्या करायच्या, आणि तोवर कोणाच्याही सामानाला हात लावायचा नाही. एक माणूस आणि एक पेटी हा नियमच मुळात बरोबर आहे का, तो वाद मोठा होता, आणि तो पुढे चालणार होता.

बाहेर आल्यावर जेलरांनी काकांना गाठलं. रागावलेले दिसत नव्हते, दमलेले दिसत होते. “काका, पुढच्या वर्षीपासून कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या पेट्या येतील. वरून तसा हुकूम निघणारच आता.”

“येऊ द्या,” काका म्हणाले. “आतून मोजून घ्या म्हणजे झालं. पण या दोनशे बारा पेट्या आहेत ना, त्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत. मी बिघडवल्यात, मीच नीट करणार.”

“त्याचे पैसे मंजूर व्हायला...”

“मागितले का मी?”

तेरा दिवस लागले. तुरुंगाच्या आतल्या चौकात, भिंतीच्या सावलीत काकांनी ऐरण मांडली. कैदी आपापल्या पेट्या घेऊन रांगेनं यायचे, सामान चादरीवर काढून ठेवायचे. काका दुहेरी तळ उचकटायचे, रिव्हेटी सपाट करायचे, तोंडाची घडी उलटी वळवायचे, मग पट्टी आत घालून आकडे पुकारायचे. तिसऱ्या दिवसापासून रांगेतले सगळेच त्यांच्याबरोबर पुकारू लागले. अठरा! बारा! आठ! पहारेकऱ्यांनी आधी दरडावून बघितलं, मग सोडून दिलं. संध्याकाळी घरी गेल्यावर काकू विचारायच्या, “आज किती?” आणि काका आकडा सांगायचे, तो असा की जणू आजवर केलेल्या सगळ्या कामात हेच काम मोठं होतं.

शेवटच्या दिवशी दोनशे बारावी पेटी झाली. काका हत्यारं गोळा करू लागले, तर समोर कंडक्टर उभा. हातात कोर्टातली ती नवीन पेटी.

“हिला काय झालं?” काकांनी दचकून विचारलं.

“काही नाही. तुम्हाला दाखवायचं होतं.” त्यानं पेटी उघडली. कपडे आणि कागद बाजूला काढले. पत्रांच्या चार थप्प्यांवर एक नवा कागद होता, आणि त्यावर पेन्सिलीनं काढलेली एका हाताची बाह्यरेषा. “मी आत आलो तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. दर वाढदिवसाला बायको तिचा हात कागदावर ठेवून असा गिरवून पाठवते. हा परवा आला. बारावा.”

काका वाकले. त्यांचे हात काळे झाले होते, म्हणून ते त्यांनी पाठीमागे धरले आणि नुसतंच बघितलं. मग पट्टी स्वच्छ पुसली. कंडक्टरनं कागद आणि कपडे पुन्हा वर ठेवले तेव्हा ती कडेनं अलगद आत सोडली, आणि वर उरलेली जागा वाचली.

“दोन सूत शिल्लक आहे,” ते म्हणाले.

“किती पत्रं मावतील?”

काकांनी मनातल्या मनात मोजलं. “चाळीसेक. तीन-साडेतीन वर्षं जातील.”

“मला अजून आठ आहेत.”

तीन वर्षांनी इथे पत्रा नसणार, प्लॅस्टिक असणार, आणि काकांना कोणी बोलावणार नव्हतं. हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

“मग तो खटला सोडू नकोस,” ते म्हणाले.

“सोडत नाही.”

“शाब्बास!”

कंडक्टरनं झाकण लावलं आणि हात काढून घेतला. कडी पडली. दोघांनीही ती पडताना ऐकली. मग तो पेटी खांद्यावर घेऊन बराकीकडे गेला, आणि काका ऐरण, हातोडा, पट्टी पिशवीत भरून फाटकाकडे निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं झडतीसाठी पिशवी उघडायला सांगितली. तो आत बघत होता तेवढ्यात काकांचं बोट सवयीनं ओठावर गेलं.

मिशी सूतभर आली होती.